सहाव्या नंबरच्या सुगंधाताईंना

प्रिय सुगंधाताई,

गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून तुमच्या उपकेंद्राची किल्ली माझ्याकडे आहे. नवीन सिस्टर मिळेपर्यंत अतिरिक्त कार्यभार, असं पत्रात लिहिलंय. म्हणजे आता मी दोन ठिकाणी, आणि तुम्ही कुठेच नाही. हे अजून मला नीट पचलेलं नाही.

दुपारचे अडीच वाजलेत. आजचं लसीकरणाचं सत्र संपलं, आशाताई घरी गेल्या. तुमच्या खुर्चीत बसायचं धाडस झालेलं नाही, म्हणून तपासणीच्या स्टुलावर बसून लिहितेय. परवाच्या मिटिंगमध्ये एक गोष्ट घडली. ती तुम्हाला कळवल्याशिवाय ह्या जागेत माझं मन लागणार नाही. पण ती सांगायची तर पहिल्यापासून सगळंच सांगायला हवं, तुम्हाला ठाऊक असलेलंसुद्धा. कारण तुम्हाला जे ठाऊक होतं, ते मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

आठवतं का, मी नोकरीवर रुजू झाले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मला पंधरा दिवस तुमच्या हाताखाली पाठवलं होतं? मी नेरळची, नर्सिंगचा कोर्स नुकताच संपवलेली, अंगावर कडक इस्त्रीचा ड्रेस. पहिल्याच सत्रात एका बाळाच्या मांडीत सुई टोचताना माझा हात असा थरथरला की बाळाच्या आधी मीच रडेन असं वाटलं. तुम्ही माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली नाहीत. शेजारी उभ्या राहून एवढंच म्हणालात, "पोराकडं नको बघूस गं. त्याच्या आईशी बोल. आई घाबरली नाय तं पोर घाबरत नाय." मग मी त्या बाईला विचारलं, आज कालवण काय केलंत? ती सांगायला लागली आणि सुई केव्हा आत गेली ते तिलाही कळलं नाही, मलाही.

एवढं शिकवणाऱ्या बाईला मी पुढची चार वर्षं मनातल्या मनात मागासलेली समजत होते. कसं जमलं मला ते?

जमलं, कारण भिंतीवरचा तक्ता तसं सांगत होता. आपल्या आरोग्य केंद्राखाली सहा उपकेंद्रं. दर महिन्याच्या मिटिंगला भिंतीवर तक्ता लागायचा. ज्याच्या त्याच्या यादीत मुलं किती, त्यांतल्या किती जणांची लस पूर्ण, त्यावरून पहिला ते सहावा नंबर. वरचे दोन हिरव्या रंगात, मधले पिवळ्या, खालचे लाल. माझं उपकेंद्र हायवेच्या कडेचं, खालापूरच्या बाजूचं; सगळी गावं डांबरी रस्त्यावर, एकच कातकरी वाडी. तुमचं डोंगराच्या पायथ्याला, नऊ वाड्या, त्यांतल्या चार वाड्यांना तर स्कूटर खाली ठेवून चढून जायचं. तरी तक्त्यात दोघींना एकच रकाना. मी पहिली, तुम्ही सहाव्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही तालुक्याला जाऊन दुसऱ्या केंद्रांच्या डॉक्टरांशेजारी उभं राहावं लागायचं. पण बोलताना ते बोलून जायचे. "सुगंधा सिस्टर, तुमच्या शेजारचंच उपकेंद्र आहे. तुमच्या हाताखाली शिकलेली मुलगी पहिली येते आणि तुम्ही शेवटच्या. शिका आता तिच्याकडून काहीतरी."

तुम्ही हसून म्हणायचात, "शिकते ना साहेब."

मग डबे उघडल्यावर तुम्ही तुमच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्या झाकणात वाढायचात, जसं काही झालंच नाही. आणि मी, ताई, मी ते खाताना तुमची कीव करायचे.

मी पहिली कशी यायचे, ते आता लिहिते.

माझ्या आधीच्या सिस्टरने चार्ज देताना सांगितलं होतं, "जी माणसं गावात नाहीत त्यांची नावं ठेवून काय करायचंय? नावापुढे 'स्थलांतरित' लिहायचं. बेरजेतून जातात." माझ्या वाडीतली कातकरी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, ती मिरगाच्या तोंडावर परतायची. ती गेली की मी नावापुढे तो शब्द लिहायचे. हे खोटं नव्हतं. खरंच गेलेली असायची. खोटं होतं ते पुढचं. ती माणसं परत आल्यावर मी त्यांची नावं पुन्हा यादीत घ्यायचे नाही. घेतली असती तर ती बाकी दिसली असती. आणि यादीतच नसलेलं मूल बाकी कसं दिसणार?

माझ्या हद्दीत नदीकाठी वीटभट्टी होती. तिथे तुमच्या वाड्यांवरची माणसं यायची, माझ्या वाडीचीही यायची. भट्टीवरची मुलं जिथे असतील तिथे त्यांना लस द्यायची, असा नियम आहे हे मला पाठ होतं. पण भट्टी माझ्या यादीत नव्हतीच. तुमच्या वाडीची मुलं तुमची, आणि माझ्या वाडीची 'स्थलांतरित'. झालं, माझी पाटी कोरी.

तुमची यादी मात्र लांबच लांब. बाळ जन्माला आलं की तुमच्या वहीत नाव चढायचं आणि मग काही केल्या उतरायचं नाही. माणसं कर्नाटकात ऊसतोडीला जावोत नाहीतर भट्टीवर, नाव तिथेच, पुढे रकाना रिकामा. त्या रिकाम्या रकान्यांनी तुम्हाला दर महिन्याला लाल रंगात बसवलं.

मग ती माघातली दुपार. मी हायवेकडून परत येत होते. भट्टीच्या कच्च्या रस्त्यावर तुमची निळी स्कूटर दिसली, म्हणून वळले. तुम्ही विटांच्या थप्पीच्या सावलीत बसला होतात, मांडीवर लसीचा डबा, समोर सात-आठ बाया पोरं घेऊन रांगेत. तुमचं स्वतःचं सत्र सकाळी आटोपून, न उघडलेल्या बाटल्या घेऊन तुम्ही सोळा किलोमीटर आला होतात. मला बघून तुम्हाला आनंदच झाला. "बरी आलीस. त्या पोरीचा दंड धर जरा."

मी दंड धरला नाही. मी विचारलं, "ताई, माझ्या हद्दीत येऊन तुम्ही सत्र लावता? मला न सांगता?"

"हद्द तुजीच हाय गं. पन पोरं माज्या वहीतली हायत. आनि ही दोन तुज्या वाडीची हायत, म्हटलं बसलीच हायत तं घेऊ त्यांना पन."

"साहेबांना काय वाटेल? मी काम करत नाही म्हणून तुम्ही येता, असंच ना?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. रागाने बघितलं असतंत तर बरं झालं असतं. मग म्हणालात, "सायबांना सांगू नको. आनि ही सगळी तुज्याच उपकेंद्रात दिलेली धर. मला नको. जिथं दिली तिथली ती." आणि कागदावर नावं लिहून तो कागद माझ्या हातात दिलात.

त्या महिन्यात माझं उपकेंद्र शंभर टक्क्यांच्याही वर गेलं. यादीत नसलेल्या मुलांना दिलेली लस माझ्या नावावर लागली ना. साहेब हसून म्हणाले, "शंभराच्या वर कोणी जातं का हो?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीसुद्धा.

आणि मी काय केलं? मिटिंग संपल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की सुगंधा सिस्टर स्वतःच्या वाड्या सोडून माझ्या हद्दीत सत्र लावतात, मला त्रास होतो. हे मी का केलं, याचं उत्तर मी खूप शोधलं. शंभराच्या वरचा तो आकडा कुठून आला हे कोणीतरी विचारेल, आणि त्याआधी आपणच बोललेलं बरं, अशी भीती होती. दुसरंही होतं. भट्टीवर त्या बाया तुम्हाला 'आमची सुगंधाबाय' म्हणत होत्या. मला तिथे कोणी ओळखतच नव्हतं.

साहेबांनी तुमच्याकडून लेखी खुलासा मागवला. तुम्ही दोन ओळींचा दिलात: परवानगीशिवाय दुसऱ्या हद्दीत गेले, पुन्हा जाणार नाही. का गेलात, ते लिहिलं नाहीत. शिपाई तो कागद घेऊन जाताना मी वाचला होता.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही भट्टीवर आला नाहीत. तुम्ही शब्दाच्या पक्क्या. मीही गेले नाही. माझी तर यादी कोरी होती.

फाल्गुनात भट्टीवर गोवर आला. आधी एक मूल तापलं, अंगावर पुरळ उठलं. बायांनी देवी आली म्हणून लिंबाचा पाला बांधला आणि कोणाला सांगितलं नाही. मला कळेपर्यंत पाच मुलं आजारी होती. त्यांतली दोन माझ्या वाडीची. त्यांतलीच एक सोनी. दीड वर्षाची, कमळीची मुलगी. तिचा श्वास असा चालला होता की बरगड्या मोजता येत होत्या. तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवताना मी कमळीला विचारलं, "हिला गोवराची लस का दिली नाही तुम्ही?" आवाजात माझा हक्काचा राग होता.

कमळी म्हणाली, "सिस्टर, आमी तं पावसाला परत आलो व्हतो. चार म्हयने वाडीवरच व्हतो. तुमी इचारलंच नाय."

तिने ते तक्रारीने म्हटलं नव्हतं. कोणी विचारलं नाही म्हणजे आपल्यासाठी ते नसेल, एवढाच तिचा हिशेब होता. मला तिथे उभं राहवेना. मी गाडीमागे जाऊन उगाच चाकाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याची टीम आली. मोठे साहेब, आपले साहेब, दोन गाड्या. भट्टीच्या मालकाने प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मोठ्या साहेबांनी माझं रजिस्टर उघडलं, पानं उलटली आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्या यादीत तर एकही मूल बाकी नाही. मग ही पोरं आली कुठून? इथे किती मुलं आहेत, त्यांतली किती राहिलीत, हे आम्हाला आत्ता कोण सांगणार?"

आपले साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांची पहिल्या नंबरची सिस्टर.

तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. अ-जीवनसत्त्वाच्या बाटल्या आणि कापडी पिशवी घेऊन तुम्ही आला होतात. पिशवीतून तुम्ही एक शाळेची वही काढलीत. भट्टीवरचं एकेक खोपटं, त्यातली माणसं, प्रत्येक पोराचं नाव, वय, वाडी, कोणती लस झाली, कोणती राहिली. माझ्या वाडीच्या पोरांचीही नावं. सोनीचंही. त्या हिवाळ्यात तुम्ही भट्टीवर पाऊल टाकलं नव्हतं. पण भट्टीवर राहणाऱ्या तुमच्या वाडीच्या बाया बाजाराला यायच्या, त्यांना विचारून विचारून तुम्ही ते लिहिलं होतं.

मोठे साहेब म्हणाले, "ही यादी कोणी केली?"

मी डोळे मिटले. वाटलं, आता झालं.

तुम्ही म्हणालात, "आमी दोघींनी मिळून केली, साहेब. वंदनाची हद्द, माजी मानसं."

त्या वहीवरून संध्याकाळपर्यंत एकवीस मुलांना लस दिली, आजाऱ्यांना औषध दिलं. गोवर तिथेच थांबला. चार मुलं भट्टीवरच बरी झाली. सोनी अकरा दिवस दवाखान्यात राहून घरी आली, पण तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याने तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. आता ती अंगणवाडीत जाते. मी वाडीवर गेले की ती मान वाकडी करून, उजवा डोळा पुढे आणून माझ्याकडे बघते आणि हसते. ताई, तिला काय माहीत ती कोणाकडे बघून हसतेय?

त्या दिवशी सगळे गेल्यावर आपण दोघी भट्टीच्या हापशावर हात धूत होतो. मी विचारलं होतं, "ताई, खरं का नाही सांगितलंत?"

तुम्ही पदराला हात पुसत म्हणालात, "तुला उघडी पाडून पोरांना काय भेटनार व्हतं? यादी भेटली ना त्यांना? बस झालं."

"पण माझ्यामुळे तुम्ही दर महिन्याला शेवटच्या येता. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. मानूसच हाय मी पन. पहिली चार-पाच वर्सं रडायची घरी जाऊन. मग एकदा मी माजी जुनी वही काडली आनि मोजलं. गेल्या साली कोंडीच्या वाडीवर नऊ पोरं राहिली व्हती, औंदा चार राहिली. म्हटलं, ही आपली परीक्षा. त्या भिंतीवरच्या तक्त्यात कोंडीची वाडी दिसतच नाय, तं त्याच्याशी माजं काय भांडन?" मग म्हणालात, "तू पन तुज्याच मागल्या सालाशी बघ गं. पन पोरं सगळी धरून बघ."

यापेक्षा जास्त तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत. याबद्दल माझी तक्रार आहे, ताई. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना? मग मला आधीच का नाही झापलंत? त्या माघातल्या दुपारी, विटांच्या सावलीत, सगळ्यांदेखत का नाही विचारलंत, 'तुझ्या वाडीची पोरं तुझ्या वहीत का नाहीत?' मी चिडले असते, भांडले असते, महिनाभर तुमच्याशी बोलले नसते. पण कदाचित सोनीला दोन डोळे असते. तुमच्या चांगुलपणाचा मला त्या वर्षी खूप राग आला होता. अजूनही कधी कधी येतो. मग आठवतं की खुलासा मी मागवायला लावला होता, तुमची वाट मी बंद केली होती, आणि तो राग परत माझ्याच अंगावर येतो.

त्या पावसाळ्यापासून मी वाडीतली सगळी नावं यादीत घेतली. भट्टीही घेतली. पहिल्याच महिन्यात मी चौथ्या नंबरला आले. साहेबांनी विचारलं, "काय झालं, वंदना सिस्टर? घरी काही अडचण?" मी म्हटलं, "हो साहेब, सासूबाई आजारी असतात." बघा, तिथेही खरं बोलले नाही. काम सुधारलं, पण तोंड उघडलं नाही. तुम्ही समोरच्या बाकावर होतात. माझा चौथा नंबर वाचला गेला तेव्हा तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत आणि मान हलवलीत, एखाद्या पोराचं वजन वाढल्यावर त्याच्या आईकडे बघून हलवता तशी. पहिल्या नंबराच्या चार वर्षांत तुम्ही माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

आणि मग तुम्ही गेलात. अख्ख्या वाड्यांचं ब्लडप्रेशर तपासणाऱ्या तुम्ही, तुमच्या दंडाला तो पट्टा कोणी कधी बांधला होता का? बुधवारचं सत्र करून घरी आलात, ओट्याजवळ पडलात, आणि तीन दिवसांनी पनवेलच्या दवाखान्यात संपलात. रिटायर व्हायला दीड वर्ष होतं. मी त्या आठवड्यात अलिबागला ट्रेनिंगला होते. दवाखान्यात पोचले नाही, अंत्यविधीलाही उशिरा पोचले. तुमच्या दाराबाहेर रस्त्याच्या कडेला वाड्यांवरच्या बाया उभ्या होत्या, आत यावं की नाही ते न कळून. तुमच्या सुनेने बाहेर जाऊन एकेकीला हाताला धरून आत आणलं. चांगली सून मिळाली तुम्हाला.

आता परवाची गोष्ट.

परवा सोमवारी मिटिंग होती. साहेबांनी सुरुवातीलाच तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मग म्हणाले, कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. दोघी-तिघी बोलल्या. चांगलं बोलल्या. तुमचा स्वभाव, तुमची भाकरी, तुमचं हसणं. शेवटी एक सिस्टर उठली. नाव लिहीत नाही, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती म्हणाली, "कामात जरा मागे असायच्या, पण माणूस म्हणून सोनं होत्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. भिंतीवर तक्ता लावून ठेवलेला होता. सहाव्या ओळीत, लाल रंगात, सेविकेच्या रकान्यात अजून तुमचंच नाव होतं.

मी कधी उभी राहिले ते कळलं नाही. मी म्हटलं, "त्या कामात मागे नव्हत्या. मागे मी होते."

आणि मग सगळं सांगितलं. 'स्थलांतरित'. परत न घेतलेली नावं. शंभराच्या वरचा आकडा कोणामुळे आला. खुलासा कोणाच्या सांगण्यावरून मागवला गेला. ती वही आम्ही दोघींनी केली नव्हती, एकटीने केली होती. सोनीचा डोळा. माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं आत घोळवलेलं होतं म्हणून असेल.

मग साहेबांनी विचारलं, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "तेव्हा मी पहिली होते, साहेब."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्यावर मला कारवाई करावी लागेल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब."

मग ते उठून तक्त्याजवळ गेले. बोट ठेवून त्यांनी यादीतल्या मुलांचे आकडे वाचले, एकेका उपकेंद्राचे, वरून खाली. आजवर आपण सगळे फक्त शेवटचा रकाना वाचत होतो ना, पहिला कोणी वाचलाच नव्हता. लोकसंख्या जवळपास सारखी आणि तुमची यादी बाकीच्यांच्या जवळजवळ दीडपट. साहेब तिथेच उभे राहिले. म्हणाले, "खुलासा मीही द्यायला हवा होता. मी कधी भट्टीवर गेलो नाही." आणि जाऊन बसले. जरा वेळाने म्हणाले, पुढच्या मिटिंगला सहाही जणींनी एकही नाव न गाळता पूर्ण याद्या आणायच्या, भट्ट्या धरून. नंबर लावायचे की नाही ते नंतर बघू.

दुपारी डबे धुताना 'माणूस म्हणून सोनं' म्हणणारी ती सिस्टर माझ्याजवळ आली. नळ चालू ठेवून हळूच म्हणाली, "वंदना, माझीपण चौदा नावं आहेत गं." मी तिला म्हटलं, "शनिवारी ये माझ्याकडे. दोघी बसून लिहू."

माझा खुलासा मी काल दिला. तुमच्यासारखा दोन ओळींचा नाही, चार पानांचा झाला. पुढे काय होईल ठाऊक नाही. पगारवाढ थांबेल, बदली होईल, नाहीतर नुसती समज देऊन सोडतील. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? घरी यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस, दोन वर्षं झोपेत बडबडत होतीस." मी काय बडबडत होते ते मी विचारलं नाही.

आज सत्र झाल्यावर मी पहिल्यांदा तुमचं रजिस्टर पूर्ण वाचलं. सरकारी रकान्यांत शाईने लिहिलेलं, आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने तुमच्यासाठी लिहिलेलं. 'आजी नको म्हणते, आजीशी बोलणे.' 'आई माहेरी, भाद्रपदात येईल.' 'भट्टीवर, खोपोलीकडे. त्या सिस्टरला फोन केला.' एकाही रिकाम्या रकान्यासमोर कोरी जागा नाही. आम्ही ज्याला लाल रंग म्हणत होतो ते हे होतं का?

शेवटची नोंद त्या बुधवारची आहे. बेहड्याच्या वाडीवरच्या मंगळ्याचा मुलगा, एक वर्ष दोन महिने. पुढे पेन्सिलने लिहिलंय: 'बाप नाही म्हणतो. मागच्या वेळी ताप आला होता. गुरुवारी परत जाणे.'

तो गुरुवार तुम्हाला मिळाला नाही. त्यानंतरचे गुरुवार कोणी गेलं नाही. आशाताईंना विचारलं, मूल अजून वाडीवरच आहे.

उद्या गुरुवार आहे, ताई. सकाळी आठला स्कूटर खाली लावून मी बेहड्याची वाडी चढणार आहे. मंगळ्या उद्याही नाही म्हणाला तर पुढच्या गुरुवारी जाईन, आणि त्याच्या पुढच्या. जितके दिवस ही किल्ली माझ्याकडे आहे तितके दिवस जाईन, आणि किल्ली दुसऱ्या कोणाकडे गेली तर तिला आधी घेऊन ती वाट दाखवेन. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
वंदना